अध्यक्ष टेम्पोत आहेत

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून कुठेही निघायचे तर माणसाने जरा जपून निघावे. १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या इथल्या घोडदळातल्या शिपायांना जिथे देहदंड दिला, तो काळा चबुतरा इथलाच. २०२२ पासून शिवछत्रपतींचा उंच अश्वारूढ पुतळाही चौकात आहे. अशा ठिकाणी पहाटे पाच वाजता पॅडवाली चड्डी घालून उभे राहायला धैर्य लागते. प्रस्तुत लेखकाकडे ते नव्हते. त्याने वरून पंचा गुंडाळला होता.

निमित्त मात्र थोर होते. कर्करोगाच्या उपचारांसाठी मराठवाड्याच्या खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांच्या औषधांसाठी निधी जमवायचा, आणि त्यासाठी अलिबाग ते रत्नागिरी किनाऱ्याने सायकली हाणायच्या. एका माजी नगरसेवकांनी झेंडा दाखवला. फोटो हलला म्हणून पुन्हा दाखवला. ताफा जालना रोडने बाबा पेट्रोल पंपापर्यंत मोठ्या जोमात गेला. तिथे सायकली टेम्पोत चढल्या, माणसे बसमध्ये चढली, आणि अलिबागपर्यंतचे साडेतीनशेहून अधिक किलोमीटर डिझेलने पार पडले.

आखणीमागे एक शास्त्र होते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे. तेव्हा समुद्र म्हटला की उतार, आणि किनारा म्हटला की सपाटी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावाचे समुद्राविषयीचे ज्ञान असेच असायचे. प्रत्यक्षात कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, आणि हे सडे चिरत आलेल्या खाड्या. रस्ता सड्यावरून कोसळत खाडीपाशी शून्यावर येतो, पाणी ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा आभाळाला भिडतो. एक खाडी झाली की दुसरी. दौलताबादच्या घाटात केलेला सराव काशीदच्या अलीकडेच संपला.

चढावर थांबून धापा टाकण्याला लेखक ‘निसर्ग पाहणे’ म्हणत असे. त्याने निसर्ग खूपच पाहिला. रेवदंड्याचा कोट, मुरूडचा जंजिरा, बाळाजी विश्वनाथांचे जन्मगाव श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. डोळ्यांत घाम असल्याने तपशील विचारू नयेत.

मोहिमेच्या अध्यक्षांना यातले काही भोगावे लागले नाही. त्यांच्या मणक्यात गॅप होती, ती अलिबागच्या एसटी स्टँडजवळ उघडकीस आली. तेव्हापासून ते टेम्पोत बॅगांच्या ढिगावर आडवे होते आणि मागचा पडदा वर करून सायकलवाल्यांना धीर देत होते. कोणी काही बोललेच तर त्यांच्याकडे दाखला तयार होता. १९८५च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभरावर तरुण सायकलींवर होते आणि मणक्याच्या विकाराने बसता न येणारे बाबा गाडीत आडवे होते. दाखला खराच आहे. फक्त बाबांच्या हातात वेफर्सचा पुडा नव्हता.

अनर्थ बाणकोटच्या खाडीवर झाला. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्ह्यातले बागमांडला, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातली वेशवी, आणि मध्ये जंगलजेटी. ही गाड्या वाहून नेणारी सपाट बोट मोटारी, एसटी, बैल, नवरदेव, काहीही नेते. टेम्पो मागून येतच होता, म्हणून सायकलवाले पुढच्या फेरीत शिरले. ओहोटी होती, धक्क्याच्या उतारावर शेवाळ होते. सायकलच्या खास बुटांना तळाशी लोखंडी कडी असते. लेखक त्या उतारावरून बोटीत चालत शिरला नाही, बसून शिरला. तिकीट फाडणाऱ्याने त्याचे एकाच माणसाचे तिकीट घेतले, हा मोठेपणा.

वेशवीला टेम्पो आला नाही. पुढच्या फेरीतही आला नाही. मग कोषाध्यक्षांच्या फोनला क्षणभर रेंज आली आणि अध्यक्षांचा निरोप ऐकू आला: बोट डुलताना दिसली, म्हणून आंबेतच्या पुलावरून फिरून येऊ राहिलो. एवढे बोलून रेंज गेली ती गेलीच. टेम्पोत कपडे होते, ट्यूबा होत्या, पंप होता, देणगीची पेटी होती आणि लेखकाचा पंचाही होता. सायकलवाल्यांच्या अंगावर जेवढे होते तेवढेच होते, आणि ते फार कमी होते.

बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी अठराव्या शतकात घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले. त्याच्याखालून ही वरात अंधार पडताना वेळासला पोचली. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, आणि हल्ली कासवांचे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा घरोघरी पाहुणे उतरतात. ताफा डिसेंबरात गेला होता, म्हणून खोल्या रिकाम्या होत्या.

दार उघडणाऱ्या काकूंनी एकवार सगळ्यांना खालून वर पाहिले.

“पोहायला आलात का?”

“नाही ओ काकू, सायकलीवर. कॅन्सरच्या लेकरांसाठी.”

“बरं. मग आधी आंघोळी करा. पण घालाल काय?”

प्रश्न बरोबर होता. भिजलेली चड्डी वाळत घातल्यावर माणसाने डिसेंबरच्या रात्री काय नेसावे, याचा विचार आखणीत झालेला नव्हता. काकू आत गेल्या आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. डांबरगोळ्यांच्या वासासकट धोतरांची चळत बाहेर आली. कोषाध्यक्षांना सोवळ्याचा मुकटा मिळाला. तो नेसल्यावर ते आपोआप हळू बोलू लागले. लेखकाच्या घेराला एक धोतर पुरेना, तेव्हा त्याला जोडीतले दुसरेही देण्यात आले. हसून हसून सगळ्यांची पोटे दुखत होती, आणि काकू भाताचे पातेले आणताना सहज म्हणाल्या, “ह्यांची आहेत. तीन वर्षं झाली. घडी मोडायला घरात कोणी नव्हतं.”

मग बराच वेळ सोलकढी ओतल्याचाच आवाज होता.

सकाळी खाऱ्या दमट हवेत चड्ड्या वाळलेल्या नव्हत्या. त्या तशाच चढवाव्या लागल्या. अपवाद एकच. एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मामा बिनगिअरच्या जुन्या काळ्या सायकलीवर आले होते. त्या सायकलीला पूर्ण चेनकव्हर होते. मामा धोतरावरच बसले आणि केळशीच्या वाटेवर टेम्पो भेटेपर्यंत कोरे करकरीत राहिले. लाख-लाख रुपयांच्या सायकलींचे मालक त्यांच्या मागे, चालत, सायकली ढकलत होते. अध्यक्षांनी मंडणगडच्या लॉजवर मटण खाऊन झोप काढली होती. धोतर घडी करून परत पाठवायची व्यवस्था मामांनीच केली. काकूंनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. पेटीत टाका म्हणाल्या.

चढ चढताना लेखकाला नाशिककरांचा राग येत असे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पुरी केली: सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, आणि तीही आदिवासींच्या दृष्टीसाठी. असे लोक असले की बाकीच्यांना सबबी सांगणे अवघड जाते.

पण खरा राग टी-शर्टाचा. पाठीवर प्रायोजकांची नावे वीतभर, अध्यक्षांचा फोटो, आणि ज्या मुलांसाठी हा खटाटोप त्यांचा उल्लेख काखेजवळ. पाचशे रुपये देणारा आधी टी-शर्ट मागतो, मग विचारतो की साइज बदलून मिळेल का. छपाईचे बिल वजा केले की पाचशेतले किती औषधापर्यंत पोचते ते कोषाध्यक्षांना ठाऊक, आणि मुकटा सोडल्यापासून ते पुन्हा मोठ्याने बोलू लागले होते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची एड्स-निधीची सायकलयात्रा चाले, ८७७ किलोमीटरांची. प्रत्येकाने किमान तीन हजार डॉलर आणल्याशिवाय सायकल काढायची नाही, असा तिथला नियम होता. तीही २०२५ साली शेवटची निघाली, कारण खर्च वाढला आणि सायकलवाले घटले. तिथे खर्चाने असे झाले, तर इथे टी-शर्टाचा खर्च कशाला?

पुढे दाभोळची खाडी, गुहागर, जयगड, गणपतीपुळे. रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत त्याला इथून हलू दिले नाही. लेखकालाही त्या पायऱ्यांवरून हलता येत नव्हते, पण त्याच्यासाठी टेम्पो होता. अध्यक्षांनी बॅगांवर थोडी जागा करून दिली.

लोक सायकलीसाठी पैसे देत नाहीत, ओळखीच्या जाड माणसाची फजिती पाहायला देतात, हे हिशेबावरून दिसले. वेळासच्या धोतरांची गोष्ट पसरल्यावर देणग्या वाढल्या. पेटी अजून उघडी आहे. वाचकांना विनंती एवढीच की दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नये, तिला देणगीची करसवलत मिळत नाही, चेक द्यावा. टी-शर्ट मागू नये. फक्त सर्वांत मोठ्या मापाचे उरले आहेत, आणि ते लेखकाला लागतात.