रीसेट सर

इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या शेवटच्या प्रयोगशाळेत, जिथे पंखा फिरतो पण वारा लागत नाही, तिथे रीसेट सर बसलेले असतात. कॉलेज पुण्याचं घ्या, कराडचं घ्या, नांदेडचं घ्या, माणूस तोच. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, शिक्षण डिप्लोमा, खिशात टेस्टर, चष्मा कपाळावर. ऑगस्टात पोरं त्यांना 'काका' म्हणतात. मार्च लागला, प्रोजेक्टची तारीख दिसू लागली, की काकांचे 'सर' होतात. रिपोर्टच्या पहिल्या पानावर गाईड म्हणून ज्यांचं नाव असतं, ते डॉक्टरेटवाले प्राध्यापक 'सर, बोर्ड डिटेक्ट होत नाही' हे वाक्य कानावर पडताच मीटिंगला निघतात. जाता जाता एवढंच म्हणतात, "काकांना दाखव एकदा."

रीसेट सर आलेलं बोर्ड लगेच हातात घेत नाहीत. आधी मालकाला न्याहाळतात. बोर्ड खोटं बोलत नाही, मालक बोलतो, हा त्यांचा सिद्धांत.

"काय झालं?"

"कोड अपलोड होत नाही, सर."

"काल होत होता?"

"हो, सर."

"मग रात्रीतून काय केलंस?"

"काहीच नाही, सर."

इथे सरांचा चेहरा खुलतो. 'काहीच नाही' या उत्तरावर त्यांची बावीस-पंचवीस वर्षांची नोकरी उभी आहे. ते चष्मा डोळ्यांवर घेतात, आर्डुइनो ऊनोच्या कडेने बोट फिरवतात आणि शून्य व एक या पिनांपाशी थांबतात. तिथे ब्लूटूथचं एचसी-०५ मॉड्यूल जोडलेलं असतं. याच दोन पिनांवरून बोर्ड कॉम्प्युटरशी बोलतं. तिथेच ब्लूटूथही बोलायला बसलं, की कॉम्प्युटर दहा वेळा हाका मारतो आणि शेवटी 'नॉट इन सिंक' अशी लाल अक्षरं छापून मोकळा होतो. सर दोन वायरी उपसतात, कोड चढवतात, वायरी परत खोचतात. "हे तुझं काहीच नाही," म्हणतात आणि चष्मा पुन्हा कपाळावर.

त्यांच्या टेबलाचा डावा खण हे यूएसबी केबलींचं स्मशान आहे. चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलींत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे पोरगं केबलवर संशय घेत नाही. ड्रायव्हर काढतं, घालतं, विंडोज नव्याने टाकतं, प्रेयसीशी भांडतं. सर अशी केबल ओढून काढतात, तिला मध्यावर गाठ मारतात आणि खणात टाकतात. "नवीन आहे, सर!" असं कुणी कळवळून म्हणालं, तर उत्तर ठरलेलं: "नवीन आहे रे राजा. पण अर्धीच आहे."

बोर्ड अस्सल की नकली हे ते उजेडात धरून सांगतात. स्वस्त बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये कायमचा मुक्कामाला आहे. स्वस्त आर्डुइनो नॅनोवर बहुधा जुना बूटलोडर, म्हणजे नवा कोड उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम, असतो. तो ५७,६०० च्या वेगाने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. मेनूत 'ओल्ड बूटलोडर' निवडलं की काम होतं. ही एक टिचकी सर अशा काही आढ्यतेने मारतात, की पोरगं पाया पडायला वाकतं. पोरांनी फार हुशारी दाखवली तर ते २०१४ची गोष्ट काढतात. त्या वर्षी एफटीडीआय या यूएसबी चिपांच्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने तिच्या नकली चिपांचे ओळखक्रमांक शून्य करून टाकले होते. विंडोज अपडेटबरोबर हा ड्रायव्हर घरोघर पोचला आणि चालती बोर्डं बसल्या जागी मुकी झाली. ही गोष्ट सांगताना सरांचा सूर पानशेतच्या पुराची आठवण सांगणाऱ्या पुणेकराचा असतो.

पण त्यांचा खरा जीव रीसेटवर. कोड चढवण्याआधी कॉम्प्युटर एका छोट्याशा कपॅसिटरमधून ऊनोला क्षणभर ठसका देतो. त्या ठसक्याने बोर्ड रीसेट होतं आणि बूटलोडर जागा होऊन नवा कोड येतो का ते ऐकू लागतो. हे जागं होणं नि हाक मारणं जुळलं नाही, की सगळं मुसळ केरात. सिरीयल मॉनिटर उघडतानाही तोच ठसका बसतो. पोरांना वाटतं बोर्ड झपाटलंय.

ईएसपी-३२ बोर्डाची तऱ्हा वेगळी. पडद्यावर 'कनेक्टिंग' असं उमटतं आणि पुढे टिंबांची रांग लागते. टिंबं वाढत जातात, पोरगं हवालदिल होतं, आणि सरांचा अंगठा नेमक्या क्षणी 'बूट' लिहिलेलं बटण दाबतो. अंगठा किती वेळ ठेवायचा हे ते कुणाला शिकवत नाहीत. कायमचा इलाज म्हणून ईएन आणि ग्राउंड या पिनांच्या मध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावता येतो, तो त्यांच्या डबीत असतोही. पण तो फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी आधी कँटीनचा चहा आणलाय. याला लाच म्हणायचं की गुरुदक्षिणा, हे मी ठरवू शकलेलो नाही.

आपोआप रीसेट होणाऱ्या बोर्डाचं निदान ते लांबूनच करतात. मोटार सुरू झाली की बोर्ड मान टाकतं, पुन्हा उठतं, पुन्हा मान टाकतं. "बॅटरी दाखव." पोरगं नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी दाखवतं. "ही माझ्या मल्टीमीटरची बॅटरी. हिच्यावर तू नांगर ओढायला काढलायस!" मोटार सुरू होताना करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, ईएसपी-३२ 'ब्राउनआउट' असं ओरडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग सर मोटारीला वेगळी पॉवर द्यायला लावतात. दोन दिवसांनी पोरगं परत येतं: आता मोटार वेड्यासारखी चालते. सर न बघता विचारतात, "दोन्हींचं ग्राउंड एक केलंस?" केलेलं नसतं. कधीच कुणी केलेलं नसतं.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी तयार प्रोजेक्ट मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. विकतचं प्रोजेक्ट सर हॉट ग्लूच्या ओघळावरून ओळखतात. एका वर्षी दोन गटांची एकसारखीच 'स्वतः संशोधित' अंधांसाठीची काठी त्यांच्या टेबलावर एकाच दुपारी आली. त्यांनी एकीवर इन्सुलेशन टेप गुंडाळला, दुसरीवर नाही, आणि गाईडना काही सांगितलं नाही.

एकाच गिऱ्हाइकापुढे ते हात टेकतात: आयफोनवाला. एचसी-०५ जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ बोलतं, आणि आयफोन त्याला सिरीयलसाठी दारात उभं करत नाही. "बाबांचा जुना अँड्रॉइड आण," एवढं बोलून सर विषय संपवतात. एकीने ब्लूटूथसाठी म्हणून खास ईएसपी-३२ एस-टू मागवलं होतं. त्या चिपमध्ये वाय-फाय आहे, ब्लूटूथ नाहीच. सर तिला काही बोलले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली.

माणूस गुणी आहे, पण एक खोट आहे. एखादं बोर्ड पहिल्या फटक्यात चाललं, तर त्यांचा दिवस खराब जातो. "चाललं?" ते अविश्वासाने विचारतात. "बघ हं, नंतर त्रास देईल." आणि एवढी बोर्डं उठवणाऱ्या या माणसाने स्वतःचं प्रोजेक्ट एकही पुरं केलेलं नाही. घराच्या दाराला ब्लूटूथचं कुलूप लावायचं काम सुरू होऊन जमाना झाला. दाराला भोक पडलंय, त्यातून दोन जंपर वायरी लोंबताहेत. कुणी त्यांना हात लावू लागलं, की आतून वहिनी ओरडतात, "त्याला हात लावू नका, कडी वाजवा!"

एका वर्षी प्रोजेक्टांच्या प्रदर्शनाआधी सरांनी सगळ्या गटांना बजावलं होतं: ब्लूटूथचं नाव बदला. त्यासाठी मॉड्यूलवरचं बारीक बटण दाबून धरून मग वीज द्यायची, दिवा सावकाश लुकलुकू लागला की ३८,४०० च्या वेगाने आज्ञा द्यायची. एवढं कोण करतो? प्रदर्शनाच्या सकाळी हॉलभर प्रत्येक टेबलावरच्या मॉड्यूलचं नाव 'एचसी-०५' आणि प्रत्येकाचा पासवर्ड १२३४.

बाहेरून आलेले परीक्षक आवाजावर चालणाऱ्या व्हीलचेअरपाशी थांबले. पोराने फोन तोंडाशी धरून "फॉरवर्ड!" अशी गर्जना केली. व्हीलचेअर हलली नाही. शेजारच्या टेबलावरच्या ठिबक सिंचनाचा पंप मात्र धो धो सुरू झाला, कारण त्या कोडमध्ये कोणतंही अक्षर आलं की पंप चालू, एवढंच लिहिलं होतं. परीक्षकांचे बूट भिजले. पोरगं घाबरून "स्टॉप! स्टॉप!" ओरडू लागलं, तीही अक्षरंच, पंप कशाला थांबतो! शेवटी रीसेट सर मागून आले आणि त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला.

बूट वाळेपर्यंत परीक्षक सरांच्या टेबलापाशी बसले. चहा झाला. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच बॅगेतून एक नॅनो काढलं.

"मुलाचं आहे. अपलोडच होत नाही."

"काय केलं त्याने?"

"तो म्हणतो, काहीच नाही."

सरांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोमवारी मुलाला घेऊन या."