अठरा टक्के

मोबाइलची बॅटरी एका दिवसात जात नाही, ती उतरत जाते. रात्री चार्जिंगला लावलेला फोन आधी दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरतो, मग संध्याकाळपर्यंत, मग दुपारच्या जेवणापर्यंत. शेवटी फोन भिंतीजवळच राहतो आणि बोलायला धारक तिथे जाऊन उभा राहतो. मोबाइलचा लँडलाइन होतो तो असा. या अवस्थेत बॅटरी बदलावी, फोन बदलावा की काहीच करू नये, असे तीन पर्याय असतात. तिसरा सर्वांत लोकप्रिय असून वेळापूर येथील एका धारकाने तो चौदा महिने निष्ठेने पाळला.

या बॅटरीत लिथियमचे आयन ग्राफाइट आणि धातूचे ऑक्साइड यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतात. चार्ज करताना एकीकडे, वापरताना दुसरीकडे. दर खेपेला काही आयन पलीकडेच अडकतात आणि परत येत नाहीत, पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांसारखे. सुमारे ५०० पूर्ण खेपांनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येते, असा ढोबळ हिशेब आहे. उष्णतेने हे सगळे लवकर होते. माळशिरस तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धारकाचा फोन तेव्हा मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाऊचमध्ये, भर उन्हात बांधावर उभा असतो. रात्री तो शंभर टक्के भरूनही सकाळपर्यंत चार्जरवरच पडलेला असतो. तेही बॅटरीला मानवत नाही.

पडद्यावर दिसणारा टक्का हा तर अंदाजच. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला किंवा रेंज नसताना फोन लावला की एकदम जास्त वीज खेचली जाते, व्होल्टेज कोसळते आणि अठरा टक्के दाखवणारा फोन डोळ्यांदेखत बंद पडतो. ऊसवाल्याला काट्याबद्दल जी शंका कायम असते, ती इथे रास्त ठरते.

या जातीची बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळालेले सर्वांत वयस्कर गृहस्थ. त्यांचा बॅकअप त्यांच्या बॅटरीपेक्षा चांगला होता. पूर्वी बॅटरी बदलण्यात शास्त्र नव्हते. नखाने झाकण उघडायचे, बीएल-५सी काढायची, बनियनला पुसून पुन्हा बसवायची. नोकियाने २००७ मध्ये अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल सावधगिरीची सूचना दिली, तेव्हा लोकांनी आपापली बॅटरी आपल्याच हाताने काढून तपासली. आता फोनची पाठ गोंदाने चिकटवलेली असते. वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता यावी, असा नियम युरोपीय महासंघाने फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद ठेवून लागू करायचे ठरवले आहे. तोवर हीट गन असलेल्या माणसाकडे जाणे आले.

तो माणूस दहा-बारा किलोमीटरवर अकलूजला असतो आणि त्याचे वय साधारण एकोणीस असते. त्याच्याकडे बॅटऱ्या तीन प्रकारच्या: ओरिजिनल, ओरिजिनलसारखी, आणि ‘कंपनीचीच, फक्त बॉक्स नाही’. किंमत हजाराच्या आसपास. “काका, पाठ उघडताना डिस्प्ले गेला तर आपली जबाबदारी नाही. त्यापेक्षा नवाच घ्या की.” धारकाने चारच दिवसांपूर्वी केस रंगवले होते. ‘काका’ हा शब्द त्याला फोनच्या वयावरून सुचला असावा, असे धारकाने ठरवले आणि बॅटरी न बदलताच तो परतला.

पुढे यालाच त्याने तत्त्वाचे रूप दिले. चहाच्या हॉटेलात तो सांगू लागला, की वस्तू शेवटपर्यंत वापरावी. गावात अर्धनारीनटेश्वराचे यादवकाळातले देऊळ आहे, तिथे कुणी ‘नवंच घ्या की’ म्हणते का? हा मुद्दा बिनतोड होता. मात्र त्याच बैठकीत देवळाचा फोटो दाखवायला जाताना फोन बंद पडला.

चार्जिंगची खरी परीक्षा मात्र वेळापुरात वर्षातून एकदाच होते. माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला गोल रिंगण होते, आणि वेळापूरच्या अलीकडे वारकरी धावा करतात. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी कथा आहे. वास्तविक पंढरपूर इथून तीस किलोमीटरच्या पुढे. एवढे चालून आल्यावर धावायला कोणत्या कंपनीची बॅटरी लागते, याचा शोध सोनीला लागलेला नाही. त्या मुक्कामी ज्याच्या ओट्यावर सॉकेट, त्याचे घर धर्मशाळा. धारकाच्या ओट्यावर एक बोर्ड, त्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, आणि त्यांवर लोंबणारे तीस-चाळीस फोन. प्रत्येकाला दवाखान्याची चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने दिंडीचा नंबर. बहुतेक बटणाचे, दोन तासांत भरतात, चार दिवस पुरतात. एका आजींच्या फोनची बॅटरी एवढी फुगली होती, की झाकण रबराने बांधले होते, आणि तो फोन वाजत होता. रांगेत खोळंबलेल्या या आजींनी एका मोठ्या काळ्या फोनकडे बोट दाखवले. “ह्यो कुणाचा? दुपारधरनं पितोय, भरंना कसा?”

“एका वारकऱ्याचा आहे,” धारक म्हणाला.

हे वाक्य आतून पिठले घेऊन येणाऱ्या आक्कांनी ऐकले. आक्का म्हणजे धारकाची थोरली बहीण, सांगोल्याकडे दिलेली, पालखीला दरवर्षी माहेरी येणारी. त्या काही बोलल्या नाहीत.

इथे बॅटरी न बदलण्याचे आणखी एक कारण नोंदवले पाहिजे. आक्कांचा फोन रोज रात्री आठला येतो. गुडघे, म्हैस, सुनेचे माहेर, पुन्हा गुडघे. दहाव्या मिनिटाला धारक म्हणत असे, “आक्का, बॅटरी उतरली बघ.” हे बहुधा खरे असे. कधी चाळीस टक्केही असत. पालखी गेल्यावर आक्कांचा फोन आला, तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच विचारले, “चार्जिंग हाय का रं? नसलं तर ऱ्हाऊ दे, फार न्हाई बोलत.” आणि खरोखरच तीन मिनिटांत ठेवला. दुसऱ्या रात्रीही तसेच. गुडघ्यांचे काय झाले ते कळलेच नाही. आठवड्यानंतर तर आठला फोन वाजायचाच थांबला.

धारकाने अकलूजला जाऊन बॅटरी बदलून घेतली; बॉक्स नसलेली. डिस्प्ले वाचला, पाठ एका कोपऱ्यात थोडी उचललेली राहिली. त्या रात्री आठला त्यानेच फोन लावला. म्हैस व्याली होती, ही बातमी त्याला बारा दिवस उशिरा मिळाली.

काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये, टोचू नये, फुगली असल्यास दाबून पाहू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. अकलूजच्या दुकानात त्या सध्या एका बरणीत जमतात. “नेता का, काका?” असे मुलाने विचारले, तेव्हा धारक नको म्हणाला.