दुसरी दाखवा

नाव सांगत नाही. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक गोतावळ्यात यांच्यातला एकजण असतोच. तुमच्याकडच्याचं नाव तुम्ही घाला. आम्ही त्यांना काका म्हणतो. हॉटेलच्या काउंटरवर किल्ली मिळाली की ती घेऊन निमूट चालू लागणं हे काकांच्या मते भोळसटपणाचं लक्षण. आधी खोली बघायची. दारात उभं राहून एक दीर्घ श्वास नाकाने ओढायचा, गादीत मूठ रुतवायची, उशी उलटी करायची, नळ सोडून मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि किल्ली परत करत म्हणायचं, "दुसरी दाखवा."

पहिलीच खोली चांगली निघाली तर? तर संशय दुणावतो. "पहिलीच एवढी बरी दाखवतायत, म्हणजे ठेवणीतली वेगळी असणार."

महाबळेश्वरला ऐन मे महिन्यात, बाकीची मंडळी सामानासकट पायरीवर बसलेली असताना, काकांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारची खोलीसुद्धा उघडायला लावली होती. ती नोकरांची निघाली. पुतणीच्या लग्नात, आपण मुलीकडचे आहोत हे विसरून, त्यांनी वरपक्षाला दिलेल्या खोल्यांपैकी एक 'हवेशीर' म्हणून बदलून घेतली. मुलाच्या आत्याबाई अजून बोलत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी खिडकीजवळची कॉट मागून घेतली. "उजेड येतोय ना?" असं ते काकूंना विचारत होते.

काकूंनी यावर आपली पद्धत बसवली आहे. तिसरी खोली होईपर्यंत त्या बॅगेची चेन उघडत नाहीत. पॅसेजमध्ये बॅगेवरच बसून शब्दकोडं सोडवतात. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" मान वर न करता काकू म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा मी सव्विसावी होते. माझ्यानंतर आणखी सोळा बघितल्या आणि मग परत आले. आडवा सहा, तीन अक्षरी, 'धीर'?"

अशा माणसाबरोबर आम्ही इथिओपियात गेलो. काकांचा जावई अदिस अबाबाला नोकरीला. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या तिग्राय प्रांतातल्या युद्धावर प्रिटोरियात समझोता झाला, त्यानंतरच्या मार्चमध्ये काका-काकू लेकीकडे निघाले, आम्ही दोघं त्यांच्या शेपटाला. तिथून लालिबेला. लास्ताच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटरवर वसलेलं छोटं गाव. झाग्वे घराण्यातल्या लालिबेला राजाच्या नावावर, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात कधीतरी, इथल्या कातळात अकरा चर्चं कोरली गेली. वेरूळचं कैलास बघितलेल्याला रीत लगेच कळते: वरून सुरुवात, खाली शेवट आणि मधे चुकायला वाव नाही. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशांची पहिलीवहिली यादी काढली, त्यातच ही चर्चं होती.

हॉटेल जावयाने शोधलं होतं, आणि ते स्वस्त आहे हे एवढंच त्याने शोधलं होतं. दुमजली, अंगणाभोवती खोल्या, वर लाकडी कठड्याची गॅलरी. मालकीणबाई पन्नाशीच्या, खांद्यावर पांढरी नेतेला शाल, चेहऱ्यावर कशाचीच घाई नाही. त्यांनी रजिस्टरात तारीख घातली ती २०१५ सालातली. इथिओपियाचं पंचांग वेगळं. महिने तेरा आणि साल आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे. काकांनी चष्मा सरसावला. "साल २०१५ चं, तर भाडंही २०१५ चंच लावा." बाई हसल्या. भाडं २०२३ चंच लागलं.

मग किल्ली, मग खोली, मग दीर्घ श्वास, मग मूठ, मग नळ.

"दुसरी दाखवा."

"इशी, गाशे," बाई म्हणाल्या. इशी म्हणजे बरं. गाशे म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला हाक मारायची रीत, आपल्या 'काका'सारखी. आणि त्यांनी जे केलं ते काकांच्या उभ्या कारकिर्दीत कुठल्याही मॅनेजरने केलेलं नव्हतं. खिळ्यावरचा किल्ल्यांचा अख्खा जुडगा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "कुठलीही."

काका क्षणभर गडबडले. भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाला असं निःशस्त्र करणं बरं नव्हे. पण सावरले, आणि कामाला लागले.

पहिली रात्र काढली ती खोली चर्चच्या दिशेने होती. पहाटे तीनच्या सुमाराला लाउडस्पीकरवरून प्रार्थना सुरू झाली. गीझ भाषेतलं, संथ, लांबत जाणारं गायन. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, त्यामुळे ते लांबलंही भरपूर. सकाळी काका मागच्या बाजूला गेले. तिथल्या दारावर कागद होता: गरम पाणी १२ ते २. काका दुपारी बारा वाजता टॉवेल गुंडाळून, साबणदाणी घेऊन नळाखाली उभे राहिले. पाणी बर्फ. दोन वाजेपर्यंत अधूनमधून हात लावून बघत राहिले. इथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सहा म्हणजे यांचे बारा, हे मालकीणबाईंनी समजावून सांगितलं. काकांनी मान डोलावली, सगळं पटल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मग वरच्या मजल्यावरची दाखवा."

वरच्या मजल्यावर डाळ शिजेना. परदेशात जाताना काकू छोटा इलेक्ट्रिक कुकर आणि मुगाची डाळ बाळगतात. खरं तर गरज नव्हती; उपासाच्या दिवसांत इथे मांस-मासळी सोडाच, दूध-लोणीही वर्ज्य, त्यामुळे कुठेही जाऊन 'त्सोम', म्हणजे उपास, म्हटलं की भल्यामोठ्या इंजेरावर, म्हणजे इथल्या आंबवलेल्या धिरड्यावर, मसूर, शिरो नावाचं पिठलं, कोबी, बीट, पालेभाजी असं भरलं ताट पुढे येतं. शाकाहारी माणसाला जगात याहून सोपं गाव सापडायचं नाही. पण काकांना रात्री खिचडी लागते. डाळ तासभर उकळून टणक. इतक्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, झाकण धड न बसणाऱ्या कुकरमध्ये ती शिजणार कशी, हे मी शाळेतल्या मास्तरांच्या सुरात सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

"खालच्या खोलीत निदान प्लगपॉइंट बरा होता."

पिसवांचं प्रकरण याच्यावर कडी. चर्चमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात, आत जमिनीभर जुने गालिचे आणि त्या गालिच्यांत पिसवा. लालिबेलाला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, आधी घोटे खाजवील, मग चर्चबद्दल सांगील. काका संध्याकाळी चर्च बघून यायचे, रात्री खाजवायचे, सकाळी अंथरुणात ढेकूण आहेत म्हणून खोली बदलायचे. पिसवा अर्थातच त्यांच्या पायमोज्यांतून नव्या खोलीत. अशा रीतीने काकांनी मोठ्या निष्ठेने त्या हॉटेलच्या निम्म्याअधिक खोल्यांत पिसवांची वसाहत केली. हे साफसफाई करणाऱ्या पोरीच्या आधी लक्षात आलं. तिने एके सकाळी काहीही न बोलता काकांचे पायमोजे उकळत्या पाण्यात टाकले. (९२ अंश पुरले.)

आमच्याखेरीज हॉटेलात दोन गोरी तरुण मुलं होती. त्यांना सगळंच आवडायचं. नळाला पाणी नसणं साधेपणाचं, वीज जाणं तारे दिसण्यासाठी, दाराची कडी न लागणं माणुसकीचं. गळका नळ बघून त्यांचे डोळे भरून येत. दोन रात्रींनी ती गेली, नळ गळतच राहिला. साधेपणाची गोडी लागायला परतीचं तिकीट खिशात असावं लागतं, असं माझं आपलं मत.

चर्चपाशी काकांची पंचाईत झाली. तिथे बदलून मागण्यासारखं काही नाही. खांब, कमान, छत, खिडकी सगळं एकाच दगडाचं. 'ही भिंत जरा तिकडे' म्हणायची सोय नाही. बेते मेधाने आलेममध्ये काका बराच वेळ नुसते उभे होते, हात मागे बांधून. मग बेते गियोर्गिसपाशी, म्हणजे सेंट जॉर्जच्या चर्चपाशी, गाइडने गोष्ट सांगितली. राजाची सगळी चर्चं बांधून झाल्यावर सेंट जॉर्ज घोड्यावरून, चिलखत घालून, तणतणत आले: सगळ्यांना जागा दिलीस, माझ्या नावाचं कुठे आहे? राजाने माफी मागितली आणि वचन दिलं, तुझं सगळ्यात सुंदर करीन. म्हणून गावात सगळ्यात देखणं हेच, क्रॉसच्या आकाराचं, खोल खड्ड्यात एकटं. घोड्याच्या टापांचे ठसे म्हणून खडकातले खळगेही दाखवतात.

काका आमच्याकडे वळले. असा विजयी चेहरा मी त्यांचा मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "बघा. संतांनासुद्धा मागितल्याशिवाय मिळालं नाही." परतताना वाटभर ते सेंट जॉर्जचा उल्लेख ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याचा करावा तसा करत होते.

त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी कॉफी मांडली. जमिनीवर ओलं गवत, कोळशावर भाजल्या जाणाऱ्या हिरव्या बिया, धूप, लाह्या. कॉफीचे कप तीन: अबोल, तोना, बरका. पहिला कडक, तिसरा पातळ, आणि तिसऱ्याआधी उठायचं नसतं. बाईंचे वडील गाबी पांघरून कोपऱ्यात बसले होते. सम्राट हाइले सेलासींच्या काळात इथल्या शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ होते. या आजोबांना गणित शिकवणारेही तिकडचेच. म्हणून ते काकांना पहिल्या दिवसापासून 'टीचर' म्हणत आणि काका वही काढून हिशेब करायला बसले की ओळखीचं हसत.

दुसऱ्या कपाला मी बाईंना विचारलं, या गृहस्थांचा त्रास होत नाही का? साफसफाईच्या पोरीकडे बघून बाई म्हणाल्या, हिला विचारा. आधी महामारी आली. मग ऑगस्ट २०२१ मध्ये तिग्रायच्या फौजा गावात आल्या आणि डिसेंबरपर्यंत गाव या हातातून त्या हातात जात राहिलं. वीज कित्येक महिने नव्हती. ज्या गावाचा चरितार्थ पाहुण्यांवर, तिथे पाहुणा म्हणून कोणी नाही. वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या तेव्हापासून उघडल्याच नव्हत्या. काकांनी मागितल्या म्हणून उघडल्या, झाडल्या, गाद्यांना ऊन दाखवलं. पोरीला पुन्हा पूर्ण दिवसाचं काम लागलं. "रोज वेगळ्या खिडकीत दिवा दिसतो," बाई म्हणाल्या. "शेजारीण परवा विचारत होती, हॉटेल भरलं का तुझं?"

काका लाह्या खात होते. त्यांना हे ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

वहीचं मला नंतर कळलं. काका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक खोली सोडताना ते तिच्या नावाने एक पान लिहीत: कडी ढिली, बेसिनचा वायसर गेलेला, खिडकीची काच हलते, पंख्याचं बटण उलटं. आणि बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर, टेप, दोन-चार वायसर असतातच. बदलून घेतलेल्या खोलीतलं जे हातासरशी होण्यासारखं होतं ते करूनच ते पुढच्या खोलीवर हक्क सांगत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंना ठाऊक होतं. कोडं सोडवायला निवांत वेळ कुठून मिळतो याचं हेच उत्तर होतं.

ती पानं काकांनी निघताना बाईंच्या हवाली केली. लिखाण निर्दय. एका पानावर लाल शाईत 'अक्षम्य' असा शेरा होता, टॉवेल अडकवायच्या खुंटीबद्दल. बाईंनी वाचली, घडी घालून गल्ल्यात ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही गेन्नाला आला असतात ना, गाशे, तर बदलून नसती दिली." गेन्ना म्हणजे यांचा नाताळ, ७ जानेवारीचा. हजारोंनी यात्रेकरू चालत येतात. पूर्वी त्या आठवड्यात या गॅलरीतसुद्धा पाय ठेवायला जागा नसे. काकांनी जादा वापरलेल्या चादरींच्या धुलाईचे पैसे स्वतः हिशेब करून चुकते केले, बाई नको म्हणत असताना. आणि मग पाण्याच्या दोन बाटल्यांच्या दरावरून पाव तास घासाघीस केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लालिबेला ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथे, पुन्हा लढाई पेटली, या वेळी फानो हे स्थानिक सशस्त्र गट आणि सैन्य यांच्यात. इंटरनेट कित्येक महिने बंद. काकांनी ७ जानेवारीला पाठवलेला शुभेच्छांचा निरोप एका बरोबरच्या खुणेवर अडकून पडला. दिवसातून दोनदा फोन उघडून ते ती खूण बघत आणि जावयाला फोन करून कंपनीचं नेटवर्क बदल म्हणून सांगत. पुष्कळ दिवसांनी जावयामार्फतच उलट निरोप आला: सगळे ठीक आहेत, वडील 'टीचर'ची आठवण काढतात, या केव्हाही, सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत, कुठलीही घ्या.

मला वाटलं, काका खूश होतील. ते भडकलेच. "कुठलीही घ्या म्हणजे काय? एकदा त्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं पाहिजे की एकही शिल्लक नाही."

"आणि सांगितलं तर?"

"तर काय? भांडीन की."