नशीब समजा!

तुमच्याही जिन्यात एक असतीलच. स्कूटर घसरून तुमचा गुडघा फुटला की "नशीब समजा, डोकं नाही फुटलं" म्हणणारे. आणि डोकंच फुटलं तर "नशीब समजा, दवाखाना समोरच होता" म्हणणारे. आमचे खालच्या मजल्यावर राहतात. मुलं त्यांना नशीबकाका म्हणतात. आम्हीही म्हणतो, त्यांची पाठ वळल्यावर.

एरवी सगळ्या जगाला अरेतुरे करणारा हा माणूस नशिबाचा विषय निघाला की एकदम आदरार्थी होतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या हातून आइस्क्रीमचा कोन फुटपाथवर पडला, तेव्हा त्या रडक्या तोंडालाही काका म्हणाले, "नशीब समजा, सर्दी टळली!"

2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाने धुमाकूळ घातला. आमच्या घरात पहिला मान आईचा. संध्याकाळी ताप भरला, रात्रीत सांधे धरले आणि सकाळी तिला जपमाळेचा मणी पुढे सरकवता येईना. काका हजर. हातात डबा, डब्यात मऊ भात, भातावर मेतकूट आणि तोंडात "नशीब समजा, डेंग्यू नाही." रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता. तो आला, डेंग्यू नव्हताच, आणि त्याचं श्रेय काकांनी अत्यंत विनयाने स्वीकारलं.

तिसऱ्या दिवशी बायको आडवी झाली. "नशीब समजा, पाळीपाळीनं येतोय. करणारं माणूस शिल्लक राहतं." पाचव्या दिवशी ते शिल्लक माणूस, म्हणजे मी, आणि आमचे चिरंजीव एकदमच पडलो. "नशीब समजा, सगळे एकदम! पथ्याचं एकदाच शिजवायचं." दोन दिवसांत काकांचं तर्कशास्त्र असं उलटं फिरलं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

हा आजार ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको. टूथपेस्टचं झाकण फिरत नाही. पलंगापासून मोरीपर्यंतचं अंतर बदकासारखं डुलत कापावं लागतं. आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी 'वाकवून टाकणारा' असा आहे. ही माहितीही काकांनीच पुरवली, पलंगाच्या कडेला ताठ बसून. "नशीब समजा, रोगानं नावातच सगळं सांगून ठेवलंय. फसवणूक नाही!"

त्यांना स्वतःला काही होत नव्हतं. का, तेही कळलं. काका मूळचे बार्शीचे. 1973 साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, तेव्हा हे चौथीत होते आणि घरातली झाडून सगळी माणसं अंथरुणाला खिळली होती. हा रोग एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. म्हणजे आमच्या घरात बिनधास्त वावरायचा परवाना त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता. "नशीब समजा, लहानपणीच उरकलं," असं म्हणून त्यांनी आमचा केर काढायला घेतला.

आता एक कबुली. आदल्या वर्षी घरात कमोड बसवायचा विषय निघाला, तेव्हा मी खर्चावरून भांडलो होतो. बसवला तो काकांच्या भुणभुणीमुळे. चिकुनगुनियाच्या सहाव्या पहाटे, दोन्ही गुडघे संपावर गेलेले असताना, त्या कमोडवर बसून माझे डोळे भरून आले. आणि मनात काय आलं? नशीब समजा. तेही हुबेहूब काकांच्या आवाजात.

तिथून दुसरी साथ सुरू झाली. आई म्हणाली, "नशीब समजा, जपाला माळ लागतेच असं नाही." मुलाने शाळेच्या मित्राला फोनवर सांगितलं, "नशीब समजा, गृहपाठ नाही." बायको एका संध्याकाळी दात ओठ खात म्हणाली, "या माणसाला मी एक दिवस लाटण्यानं मारणार आहे," आणि मग स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे पाहून म्हणाली, "नशीब समजा म्हणावं, लाटणं धरता येत नाही." त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो. हसताना बरगड्याही दुखल्या.

गणपती आले. मोदकाच्या कळ्या काढायला घरात एक बोट धड नव्हतं. काकांनी मोदक आणले, स्वतः केलेले. "नशीब समजा, तळणीचे आहेत. उकडीचे असते तर तुम्ही कळ्या मोजत बसला असता." कळ्या नव्हत्याच. मोदकही नव्हते, गोळे होते. बाप्पांनी चालवून घेतले.

आणि मग महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन आला. चिकुनगुनिया पसरवणारा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे आरोपी आसपासचाच, असं त्याने समजावलं. आमचा फ्रिजमागचा ट्रे कोरडा निघाला. मग तो खाली गेला. काकांच्या खिडकीत मनीप्लांटच्या अकरा बाटल्या आहेत. सातांत अळ्या वळवळत होत्या.

आख्ख्या साथीत आजारी न पडता फिरलेला माणूस आमच्यासाठी वर भात आणत होता आणि खाली डास वाढवत होता. संतापावं की हसावं? बायको संतापली. मी पडल्या पडल्या वाट पाहत राहिलो की आता हे येऊन काय म्हणतात. "नशीब समजा, सातच बाटल्या"?

ते आले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. डबा दाराबाहेर ठेवलेला सापडायचा, बेल न वाजवता. अकराच्या अकरा बाटल्या कचऱ्याच्या बादलीशेजारी धुऊन उपड्या घातलेल्या दिसल्या. भाताला चव तीच होती, पण घरात कुणी बोलेना. आई म्हणाली, "भाऊंना बरं नाही का?" बायकोने चौथ्या दिवशी रिकामा डबा घासून त्यात चार खडीसाखरेचे खडे टाकले आणि माझ्यासमोर आदळला. "जा, देऊन या."

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत मी उतरलो. बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काका," मी म्हणालो, "नशीब समजा..."

पुढे काही सुचेना. ही कला वाटते तितकी सोपी नाही. आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना तसेच उभे. शेवटी त्यांनी डबा घेतला, खडीसाखर वाजवून पाहिली आणि जिन्याकडे बघत हळूच म्हणाले,

"...एकच मजला होता."