वैनींच्या घरावरची कौलं

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या वैनींचं छप्पर झालं हो एकदाचं! आणि झालं म्हणजे काय... इकडे या जरा गडग्याजवळ, मिस्त्रीचा मेहुणा तिकडे चिरे उतरवतोय.

३ जून २०२०च्या त्या मेल्या निसर्ग वादळात श्रीवर्धनात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा वैनींनी मिळतील ती कौलं घालून निभावलं होतं. यंदा मात्र मृगाच्या आत वासे-रिपांसकट सगळं नवं करायचं ठरवलं. त्या वाशांना सागवान की ऐन यावरून दोन्ही भावांत जे काय... ते जाऊ दे, निवांत सांगेन.

तर काय सांगत होते, परवा मिस्त्री आला शेवटचा हप्ता मागायला. "वैनी, फर्स्ट क्लास काम. बघायचं कामच नाही!" वैनी निघाल्या की पैसे आणायला. तर त्यांच्या घरच्या आत्याबाई झोपाळ्यावरून म्हणतात, "पैसे मिळतील रे. आधी माजघराची दारं-खिडक्या लाव." लावली. वर बघतो तर भर दुपारी चांदण्या! मिस्त्री म्हणतो, "तेवढी हवा खेळायला लागते, आत्या." आता बोला!

आत्याबाईंनी त्यातलं एक कौल काढायला लावलं, शेजारचं दुसरं. दोन्ही उलटी केली. मागचे छाप वेगळे! दोन कारखान्यांची कौलं कधी एकमेकांत बसतात का हो? खाचेत खाच जात नाही, एक कड उचललेली राहते, आणि आपल्याकडचा पाऊस तर आडवा. रिपाही एकाच मापानं ठोकलेल्या, मग दुसरी कौलं अडकणार कुठे? मिस्त्री नुसता टोपी काढतोय, घालतोय.

त्यात मास्तर! छाप बघून लागले सांगायला, "१८६५ साली बासेल मिशनवाल्यांनी मंगळुरात पहिला कारखाना..." आत्याबाई म्हणाल्या, "मास्तर, पाइप धरा."

पाणीसुद्धा कसं मारायला लावलं, तर वळचणीपासून सुरुवात, मग हळूहळू वर आढ्याकडे. एकदम वरून सोडलं की गळती कुठली ते कळत नाही म्हणे. दोन पाखी मिळतात तिथे पाणी गेलं मात्र, आत वैनी ओरडल्या, "अगं बाई, माझा मिक्सर!" पन्हळीचे पत्रे उलटे चढवलेले हो! वरचा पत्रा खालच्याच्या पोटात. वैनींचे यजमान चार दिवस "काम टॉप" म्हणून गावभर सांगत होते ना? ते हळूच विहिरीकडे गेले.

मग काय, मिस्त्रीनं निमूटपणे पश्चिमेकडची बाजू उतरवली, रिपा नव्या मापानं मारल्या, एका छापाची कौलं घातली. वळचणीची पहिली ओळ तारेनं बांधून घेतली, वाऱ्यानं पहिली तीच उचलते ना. उरलेली कौलं गोठ्यावर गेली. आणि हप्ता? दोन मोठे पाऊस पडून जातील, मगच. हे आत्याबाईंनी मास्तरांसमोर वदवून घेतलंय.

अहो, आमच्या पडवीचं काम मी त्याच मिस्त्रीला दिलंय! हसताय काय? आता गावात सगळ्यात जपून काम करणार तो तोच. आत्याबाईंना मात्र काम संपेल त्या दिवशी जेवायलाच बोलावलंय. वैनींना एवढ्यात बोलू नका हं... त्यांना वाटेल, आमची माणसं पळवते.