हजर, बॅडब!

प्रत्येक वर्गात हा एक असतोच. बाहेर धो धो पाऊस, निम्मे बाक रिकामे, आणि हा कानटोपी-मफलरच्या जामानिम्यात पहिल्या घंटेला वर्गाच्या दारात उभा. हजेरीत नंबर पुकारला की खणखणीत ओरडतो, "हजर, बॅडब!"

"बरं नसेल तर घरी जा रे बाळा."

"बी आजारी दाही, बॅडब. दुसती सर्दी आहे."

घरी राहणं त्याला परवडणारंच नसतं. घरी आज्जी असते. तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी, चादरीखालचा वाफारा आणि सुंठ-मिरी-गवती चहाचा तो काळाकुट्ट काढा. त्यापुढे गणिताचा तास सुसह्य वाटतो. शिवाय शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक! अभ्यासात नंबर येण्याचा संभव नाही, खेळात तर नाहीच. मग उरतं ते रोज येणं.

त्याच्याकडे रुमाल दोन. एक दाखवायचा, एक वापरायचा. पहिला इस्त्रीचा, चौघडी घातलेला. प्रार्थनेनंतर नखं-रुमाल तपासणीला तो पुढे करायचा आणि परत खिशात ठेवायचा. दुसऱ्याची अवस्था मधल्या सुट्टीपर्यंत अशी होते की मॉनिटरही त्याबद्दल विचारत नाही. त्यानंतर कामाला येते शर्टाची उजवी बाही. शाळा सुटेपर्यंत ती खळ घातल्यासारखी कडक झालेली असते.

शिंक हा त्याचा खास प्रयोग. आधी मान वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं. फळ्यावरचा खडू थांबतो. पुढच्या बाकावरचे वह्या सावरतात. आणि शिंक येतच नाही. मॅडम पुन्हा लिहायला वळल्या की मग येते.

इंग्लंडात सॅलिसबरीजवळ १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ सर्दीच्या संशोधनाचं एक केंद्र चालू होतं. स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडायचे आणि सर्दी होते का ते पाहायचं. त्या लोकांना राहणं-जेवण फुकट, वर हातखर्चाला पैसे. हा तेच काम तिसऱ्या बाकावरून विनावेतन करतो. सर्दीच्या नुसत्या ऱ्हायनो विषाणूचेच शंभराहून जास्त प्रकार असल्यामुळे त्याला माल कधी कमी पडत नाही. आणि मन मोठं! कंपासपेटी मागा, देतो. पाण्याची बाटलीही देतो, "वरूद पी हं," असं बजावून.

दोन-तीन दिवसांत शेजारचा गैरहजर. मग पुढचा अख्खा बाक. आठवड्याच्या शेवटी मॅडमच येत नाहीत आणि बदलीवर आलेले सर हजेरीपटावरच्या लाल फुल्या बघून चक्रावतात. वर्षअखेर हजेरीच्या शर्यतीत त्याला प्रतिस्पर्धी म्हणून उरत नाही. एकेकाला त्यानेच घरी बसवलेलं असतं.

स्नेहसंमेलनात टाळ्यांचा कडकडाट होतो. प्रमुख पाहुणे प्रशस्तिपत्रक देतात, "असा विद्यार्थी हवा," म्हणत त्याचा हात कौतुकाने आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि फोटो निघेपर्यंत सोडत नाहीत. उजवा हात.