पद्मिनीवाले काका

कर्वेनगरातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक प्रीमियर पद्मिनी असते आणि रविवारी सकाळी तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. पाय निवृत्त असतात. गाडी मात्र अजून सेवेत आहे, असा त्यांचा दावा असतो.

पद्मिनीवाल्या काकांना नुसतं "छान ठेवलीय" म्हणून सुटका होत नाही. आधी फियाट ११००, मग प्रेसिडेंट, १९७४पासून पद्मिनी. कारखाना कुर्ल्याला, इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगलगत, हे सगळं ऐकावं लागतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, तेव्हा काकांनी सुतकी चेहरा केला. संध्याकाळी मात्र मुंबईत सुटे भाग आता स्वस्त मिळतील का, याची चौकशी केली.

सध्या ब्रेक ड्रम बदलणं चालू आहे. सध्या म्हणजे गेल्या दिवाळीपासून. लायनर घासून ड्रमला आतून कड पडलीय. एकदा लेथवर टर्न करून झाला. आता आणखी पातळ करण्यात अर्थ नाही. नाना पेठेत मिळतो तो नवा ड्रम काकांना डुप्लिकेट वाटतो. जुन्या बाजारात मिळतो तो ओरिजिनल, पण यांच्या ड्रमपेक्षा जास्त झिजलेला. काका तोच घेतात. ओरिजिनल आहे ना!

शेजारची मुलगी कमिन्स कॉलेजात मेकॅनिकलला आहे. ती म्हणाली, "काका, पुढे डिस्क ब्रेक बसवा. चकती उघड्यावर असते, लवकर थंड होते. ड्रम घाटात तापला की पकड जाते."

"घाटात ब्रेक मारतोच कोण? सेकंड टाकायचा आणि उतरायचं! डिस्कच हवी असती तर मारुती नसती घेतली?"

मग ब्रेकसाठी एवढी खटपट कशाला, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

खरा कस लागतो तो लाइनमधली हवा काढताना. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा निपल सैल करायचा. तो आवळण्याआधी पेडल सुटलं की हवा परत आत. पेडलवर अर्थात काकू.

"दाब!"

"दाबलंय."

"धरून ठेव!"

"गॅसवर कुकर आहे. तिसरी शिट्टी झाली."

"सोडू नकोस गं!"

पण तोवर काकू जिन्यात पोचलेल्या असतात आणि काम पुढच्या रविवारवर जातं.

तरी काकांना हसू नये. जिथे बहुतेक लोक हॉर्नलाच ब्रेक समजतात, त्या पुण्यात थांबण्याची एवढी काळजी करणारा हा एकटाच माणूस आहे. फक्त रविवारी सकाळी दूध आणायला मागच्या गेटानं जा. "पाच मिनिटं पेडलवर पाय ठेवता का?" या प्रश्नाला हो म्हणालात, तर दुपारचं जेवण विसरा.